सतरा नंबरचा धागा

लालबागच्या त्या चाळीत दुपारची जेवणं उरकली की झोप हक्काच्या पाहुण्यासारखी घरोघर शिरते. पंखे एका सुरात घरघरतात, गॅलरीत वाळत घातलेल्या साड्या हलायचाही कंटाळा करतात आणि खालचा वाणी गल्ल्यावर मान टाकतो. अशा वेळी अख्ख्या चाळीत टक्क जागा असणारा माणूस एकच, तिसऱ्या मजल्यावरचे कुशाबा घाडीगावकर. वय सत्तर, पाठ ताठ आणि दुपारी डोळ्याला डोळा लावायचा नाही असा पण. का, ते त्यांनी बायको होती तेव्हा तिलाही सांगितलं नव्हतं. कोणी खोदून विचारलंच तर "रात्रीची झोप कमी पडता काय?" एवढं बोलून ते विषय मिटवत.

त्यांची सून अक्षदा त्या वेळी परळला असे, एका काचेच्या इमारतीत, बाविसाव्या मजल्यावर. तिथे पूर्वी गिरणी होती. कुशाबा विणकर होते ती नव्हे, ती दोन गल्ल्या पलीकडे होती. तरी ऑफिसातल्या लोकांना गिरणगावातली सून मिळाली याचं कौतुक होतं आणि खिडकीतून दिसणाऱ्या, शोभेला ठेवलेल्या चिमणीबद्दल ते हटकून तिलाच प्रश्न विचारत. तिचं माहेर गिरगावचं, गिरणी तिने आयुष्यात आतून पाहिली नव्हती. पण एकदा चिकटलेलं नाव कुठे सुटतं!

कंपनीचं काम सांगायला सोपं होतं. मुंबईभरच्या दवाखान्यांत लसी ठेवायचे फ्रीज असतात. प्रत्येक फ्रीजला एक छोटी डबी लावलेली, ती मिनिटामिनिटाला आतलं तापमान पाठवते. स्क्रीनवर प्रत्येक फ्रीजची एक रेघ दिसते. रेघ वर चढायला लागली की त्या दवाखान्यातल्या माणसाच्या फोनवर इशारा जातो, आणि तो धावत जाऊन लस वाचवतो. हे सगळे हिशेब करणारं यंत्र कंपनीचं स्वतःचं नव्हतं, क्लाउडवर भाड्याने घेतलेलं होतं. क्लाउड म्हणजे नेमकं कुठे, हे कुशाबांनी एकदा विचारलं होतं आणि सुनेला धड सांगता आलं नव्हतं. त्या यंत्राची सगळी देखभाल अक्षदाकडे होती.

भाड्याने घेतलेल्या ताकदीला ऑफिसात कपॅसिटी म्हणत. ती चाळीच्या गच्चीवरच्या टाकीसारखी असते. टाकी एकच, नळ पन्नास. एकाने नळ सोडून ठेवला की दुसऱ्याच्या बादलीत थेंब पडत नाही, आणि नळ कोणी सोडला ते टाकीकडे बघून कळत नाही.

दिवाळीनंतर तसंच व्हायला लागलं. नवे पाच दवाखाने जोडले गेले आणि टाकी कमी पडू लागली, पण सकाळी नाही, संध्याकाळी नाही, फक्त दुपारी. वापराचा आलेख दिवसभर शांत पडून असे. पावणेदोन वाजले की तो छाती भरून श्वास घेतल्यासारखा वर येई आणि तीनच्या सुमाराला पुन्हा खाली जाई. रोज, रविवारीसुद्धा. त्या सव्वा तासात सगळी कामं रांगेत ताटकळत आणि इशारे उशिरा जात. वडाळ्याच्या एका दवाखान्याला इशारा बावीस मिनिटं उशिरा पोचला. लस वाचली ती तिथल्या नर्सबाईंनी सहज म्हणून फ्रीज उघडला म्हणून.

"पुढच्या वेळी कोणी सहज उघडणार नाही," उन्मेष म्हणाले. हे तिचे साहेब, दादरचे, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी तिला शुक्रवार संध्याकाळपर्यंतचा वेळ दिला. कारण शोधायचं, बंद करायचं आणि अहवालात ते कोणाच्या नावावर आहे ते स्पष्ट लिहायचं. दवाखान्यांना उत्तर द्यायचं होतं.

अक्षदाने आधी आपोआप चालणारी कामं एकेक करून थांबवून पाहिली, गच्चीवरचे कॉक एकेक करून बंद करावेत तशी. उंचवटा जागचा हलला नाही. मग ती नोंदींत शिरली. कोणतं काम किती ताकद खातं, याची यादी यंत्र ठेवत असतं. सगळ्यात वर एक नाव होतं, 'सराव-दोन'. ते एक साधं पान होतं. पण ते उघडलं आणि ताजं करायचं बटण दाबलं की सगळ्या फ्रीजचा पहिल्या दिवसापासूनचा सगळा हिशेब नव्याने मांडला जात होता. आणि कोणीतरी ते बटण दुपारी साठ-सत्तर वेळा दाबत होतं. पानाच्या मालकाच्या रकान्यात प्राचीचं नाव होतं, वापरणाऱ्याच्या रकान्यातही तेच.

प्राची जूनमध्ये लागलेली. चिंचपोकळीची, वडिलांचं लेथचं छोटं वर्कशॉप, ही घरातली ऑफिसात जाणारी पहिली. सहा महिने उमेदवारीचे, ते डिसेंबरात संपणार होते. अक्षदाने विचारलं तेव्हा ती खुर्चीच्या कडेला बसून म्हणाली की ते पान तुम्हीच पहिल्या आठवड्यात शिकायला म्हणून करायला सांगितलंत, जुलैनंतर मी ते उघडलेलं नाही. मग तिने विचारलं, "ताई, माझं लॉगिन ऑफिसच्या त्या जुन्या टॅबमध्ये होतं. तो कपाटातच आहे ना?"

"असेल," अक्षदा म्हणाली. उठून कपाट उघडायचे तिने कष्ट घेतले नाहीत.

उन्मेष यांनी नोंदी पाहिल्या आणि मान हलवली. मुलगी खोटं बोलते असं त्यांनी म्हटलं नाही, तेवढे ते सभ्य होते. पण नोंद स्पष्ट आहे, नाव तिचं आहे, तेव्हा तिला कायम करता येणार नाही, एवढं ते म्हणाले. खरं सांगायचं तर अक्षदाला तेव्हा हायसं वाटलं. दोन आठवड्यांची डोकेदुखी संपली होती. मग प्राची पाण्याची बाटली भरायला म्हणून गेली आणि अर्धा तास परतली नाही, तेव्हा त्या हायसं वाटण्याची तिला लाज वाटली.

पान लगेच बंद करता आलं असतं. पण अक्षदाच्या मनात एक खडा टोचत होता. प्राची दुपारी सगळ्यांसोबत डबा खाते आणि तिचा फोन टेबलावर उपडा असतो. मग साठ-सत्तर वेळा बटण दाबतं कोण? गुरुवारी दुपारी तिने आलेख आठवड्याचा होता तो ताणून सहा महिन्यांचा केला. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात उंचवटे सुरू झाले होते, मण्यांसारखे एका ओळीत. आणि मध्येच माळ तुटलेली. सप्टेंबरात गणपतीच्या आधी दोन दिवस ते विसर्जनापर्यंत आलेख साफ झोपलेला. ऑक्टोबरात पुन्हा चार दिवस झोपलेला. फ्रीजना गणपतीची सुट्टी नसते. प्राचीही गणपतीत एक दिवस सोडून रोज ऑफिसात होती.

त्या संध्याकाळी घरी आमटीला फोडणी देताना अक्षदाची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. नोव्हेंबरचं पान वाऱ्याने फडफडत होतं. तिने हात पुसले आणि उगाच मागची पानं उलटली. सप्टेंबरात तिच्या नवऱ्याच्या, स्वप्नीलच्या अक्षरात एक लांब रेघ होती आणि वर लिहिलं होतं, 'अप्पा गावी'. अप्पा म्हणजे कुशाबा. ऑक्टोबरात चौदा तारखेला, 'अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन, चार दिवस टीव्ही बंद'. फोडणी करपली तरी ती तिथेच उभी होती.

तिला जुलै आठवला. जुन्या टॅबवर पान कसं दिसतं ते बघायला तो तिने घरी आणला होता. लॉगिन प्राचीचंच राहू दे, असं तिनेच म्हटलं होतं. कुशाबांनी चष्मा सरसावून त्या रेघांकडे किती तरी वेळ पाहिलं आणि विचारलं, हे धागे कसले? तिने दोन वाक्यांत सांगितलं आणि कौतुकाने टॅब त्यांच्या हातात ठेवला. दोन दिवस बघतील नि ठेवून देतील. पुढे ती विसरली; रविवारी दुपारी ते गॅलरीत असत तेव्हा ती आत झोपलेली असे. टॅब ऑफिसच्या कपाटात परत गेला असेल, चार्जिंग संपून मेला असेल, अशी तिची समजूत. समजुतीवर चालणाऱ्या बाईला यंत्राची देखभाल दिली होती, असं तिने स्वतःलाच सुनावलं.

तिने कुशाबांना तेव्हा काही विचारलं नाही. तिला आधी डोळ्यांनी बघायचं होतं.

शुक्रवारी साडेबाराला ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाली आणि परळहून चालतच घरी आली. कामाच्या दिवशीचं दुपारचं लालबाग तिने कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. मसाल्याच्या दुकानांतून तिखटाचा मंद वास येत होता, दुकानदार शटर अर्धं ओढून आत आडवे झाले होते. एका बाकावर कुत्रा आणि हमाल पाठीला पाठ लावून झोपले होते. तिला वाटलं, आपण जागेपणी कोणाच्या तरी झोपेतून चाललो आहोत. जिना चढताना तिने चपला हातात घेतल्या.

कुशाबा गॅलरीत स्टुलावर बसले होते. मांडीवर घडी केलेला टॉवेल, टॉवेलवर टॅब. ती शेजारी जमिनीवर टेकली तेव्हा त्यांनी फक्त एक नजर टाकली आणि ओठांवर बोट ठेवलं, गिरणीत साचे म्हणजे माग चालू असताना जॉबर, तिथला मुकादम, ठेवायचा तसं. स्क्रीनवर एक्कावन्न रेघा डावीकडून उजवीकडे सरकत होत्या, निळ्या, हिरव्या, फिकट पिवळ्या. कोणी दार उघडलं की एखादी जराशी थरथरे आणि पुन्हा सरळ होई. बघता बघता अक्षदाच्या पापण्या जड झाल्या. पंख्यांची घरघर दूर गेली आणि तिच्यातून दुसरीच एक लय वर आली, खटाक-खट, खटाक-खट. सगळ्या खोल्यांची दारं उघडी होती, प्रत्येक दारातून एक धागा निघून गॅलरीभर ताणला गेला होता आणि त्यावर झोपलेली माणसं हलकी होऊन तरंगत होती. कोणीही पडत नव्हतं, कारण स्टुलावर एक माणूस जागा होता.

"सतरा नंबर," कुशाबा पुटपुटले.

ती दचकून सावध झाली. पावणेदोन. वरून सतरावी रेघ तुटली होती. कुशाबांच्या डाव्या हाताची दोन बोटं आपोआप उचलली गेली, हवेत एक बारीकशी गाठ मारली आणि उजव्या अंगठ्याने बटण दाबलं. रेघ जोडली गेली नाही. पुन्हा गाठ, पुन्हा बटण. दर मिनिटाला एकदा, न चुकता, न वैतागता. अक्षदाने आपला फोन उघडला. तिथला आलेख त्यांच्या अंगठ्याबरोबर वर येत होता. दोन आठवडे तिने ज्याच्यामागे रक्त आटवलं ते तिच्या हाताच्या अंतरावर बसून गाठी मारत होतं. तिला राग यायला हवा होता. तिला रडू आलं.

तीनला पाच कमी असताना रेघ जोडली गेली. मधली रिकामी जागाही भरून आली. कुशाबांनी खोल श्वास सोडला आणि टॉवेलने कपाळ टिपलं. त्यांच्या लेखी धागा त्यांनी जोडला होता. डबी मधल्या वेळचं तापमान साठवून ठेवते आणि जोडणी आली की एकदम पाठवते, बटण दाबा की दाबू नका, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

अक्षदाने सगळं सांगितलं. टाकी, नळ, वडाळ्याची बावीस मिनिटं. बटणापायी दुसरीकडचे इशारे अडतात हे ऐकून कुशाबांनी टॅब उपडा ठेवला, चटका बसल्यासारखा. मग तिने प्राचीचं सांगितलं. पान तिच्या नावावर आहे म्हणून सगळं तिच्या नावावर लागलं आणि आज चार वाजता तसं लिहून जायचं आहे. हे सांगताना आपण अजून 'जायचं आहे' म्हणतोय, 'मी थांबवणार' म्हणत नाही, हे तिच्या लक्षात आलं. खरं लिहिलं तर अक्षदाची स्वतःची जागा जाणार होती, कमीत कमी यंत्र तरी हातातून जाणार होतं. तिला ते नको होतं आणि ते नको असणं तिला आवडत नव्हतं.

मग कुशाबांनी अक्षदाला माहीत नसलेली गोष्ट सांगितली. ते गिरणीत नऊ वर्षं बदली होते. कायम कामगार रजेवर गेला की गेटावर जमलेल्या बदल्यांतून एकाला हाक मारायची आणि त्याने त्या साच्यावर उभं राहायचं. साचा त्याच्या नावाचा, हात बदलीचे. एकोणऐंशी साली जयवंत नावाचा कामगार लग्नाला गावी गेला होता. त्याच्या साच्यावर दुपारी, जेवण अंगावर आलेलं असताना, कुशाबांचा डोळा लागला. ताण्याचे उभे धागे तुटले आणि साचा तसाच विणत राहिला. कापडाचा अख्खा ताका वाया गेला. ताक्यावर फक्त साच्याचा नंबर होता आणि साचा जयवंताच्या नावावर; बदलीचं नाव कुठे लागत नसे. जयवंत परतला तेव्हा त्याला विणाईच्या साळखात्यातून काढून झाडलोटीवर घातलं. तो आठ दिवस झाडू मारत होता, नवव्या दिवशी त्याने गाव गाठलं ते कायमचं.

"मी काय बोललंय नाय," कुशाबा म्हणाले. "बोललंय असतंय तर गेटावर माका परत कोणी हाक मारली नसती. साचो जयवंताचो, हात माझो."

अक्षदाला दुपारच्या जागरणाचं कोडं उलगडलं. पंचेचाळीस वर्षं हा माणूस त्या एका डुलकीची राखण करत होता. तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"त्या चेडवाचा, प्राचीचा नाव काढ," ते म्हणाले. "माझा नाव घाल."

तिने लॅपटॉप तिथेच गॅलरीत उघडला. त्यांना वाचून दाखवता यावं म्हणून अहवाल आधी मराठीत लिहिला. वापरणाऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं: कुशाबा घाडीगावकर, विणकर. जबाबदार कोण, या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि कारण सविस्तर दिलं. टॅब घरी नेला, लॉगिन दुसरीचं ठेवलं, शिकाऊ मुलीला सगळा डेटा घ्यायला मीच सांगितलं, आणि तिने विचारलं तेव्हा कपाट उघडून पाहिलं नाही. शेवटचं वाक्य लिहिताना हात अडला, पण तिने लिहिलं.

कुशाबांनी आपल्या नावाची ओळ दोनदा वाचायला लावली. नऊ वर्षांत कुठल्याही साच्यावर न लागलेलं नाव स्क्रीनवर स्पष्ट काळं दिसत होतं. मग त्यांनी विचारलं, खाली ती रिकामी जागा कसली? तो शेवटचा रकाना होता, 'याआधी असं घडलं होतं का?' तिथे सगळे 'नाही' लिहितात. अक्षदानेही तेच लिहायला बोट नेलं होतं.

"हो लिही," कुशाबा म्हणाले.

मग त्यांनी सावकाश, शब्दाशब्दाला थांबत सांगितलं आणि तिने जसंच्या तसं लिहिलं: होय. सन १९७९. दुपारची वेळ. जयवंत यांच्या साच्यावर. चूक कुशाबा घाडीगावकर यांची होती, जयवंत यांची नव्हती.

चार वाजायला दहा मिनिटं होती तेव्हा तिने 'सराव-दोन' बंद केलं आणि अहवाल पाठवला.

सोमवारी उन्मेष यांनी तिला बोलावलं. यंत्राची देखभाल तिच्याकडून काढून निलेश या सहकाऱ्याकडे दिली, हे त्यांनी आधीच्याच शांत आवाजात सांगितलं. ती हो म्हणाली. तिला वाईट वाटलं आणि ते तिने लपवलं नाही. प्राची कायम होणार होती. सतरा नंबरचा शोधही लागला. कॉटन ग्रीनच्या छोट्या दवाखान्यात दुपारी डबा गरम करायला कोणीतरी राउटरचा प्लग काढायचं आणि जेवून, जरा लवंडून, मग परत लावायचं. फ्रीजला काही होत नव्हतं, फक्त खबर तुटत होती. शेवटी उन्मेष यांनी त्या अखेरच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि विचारलं, हे ठेवायचं? ठेवा, ती म्हणाली. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा एकदा वाचलं, आणि त्यातला एक शब्दही न खोडता खाली सही केली.

पुढच्या रविवारी जेवणं झाली, स्वप्नील चटईवर आडवा झाला. अक्षदा भांडी विसळून गॅलरीत आली. पावणेदोन झाले होते. स्टूल रिकामं होतं. तिने आत वळून पाहिलं तर कुशाबा भिंतीकडच्या खाटेवर कुशीवर झोपले होते, तोंड किंचित उघडं, दोन्ही हात उशीखाली. त्यांच्या श्वासाबरोबर पांघरूण सावकाश वर येत होतं आणि खाली जात होतं.

उन्हाची एक तिरीप त्यांच्या डोळ्यांपर्यंत पोचायला आली होती. तिने दार हळूच लोटलं आणि स्टुलावर जाऊन बसली.